विदर्भातल्या छोट्या गावातल्या पुस्तकाच्या दुकानाभोवती कोझी मिस्ट्री (हलकीफुलकी रहस्यकथा) कादंबरी मराठीत जमेल का?

जमेल ना, काऊन नाही जमणार! तुम्ही विचारलंय की असं दुकान विलायतेतच शोभतं का आणि खून पाहिजेच का. मी नागपूरचा, त्यामुळे इकडच्याच हिशोबानं सांगतो.

आधी खुनाचं. 1919 साली अमेरिकन लेखक क्रिस्टोफर मॉर्लीची द हॉन्टेड बुकशॉप ही कादंबरी आली, त्यातलं दुकान ब्रुकलिनमधलं, आणि तिथे कार्लाइलचं एक पुस्तक गायब होतं अन् परत येतं इथून गूढ सुरू होतं. म्हणजे पहिल्याच पानावर प्रेत पाडायची गरज नाही. मारझोड पडद्यामागे आणि शोध घेणारा साधा माणूस, एवढं पाळा, बाकी सूट आहे.

पण दुकान खरं वाटलं पाहिजे भाऊ. काटोल-उमरेडकडे नुसत्या कादंबऱ्या विकून कोणाचं घर चालत नाही, समोर वह्या, गाईड, कंपास, खाकी कव्हरं आणि कादंबऱ्या मागच्या रॅकवर धूळ खात. आपल्याकडे उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटी उघडतात, तेव्हा काउंटरवर नुसती झुंबड असते, चोरी त्याच गर्दीत घडवा, मे महिन्यात घडवली तर कूलरसमोर झोपलेल्या मालकाशिवाय साक्षीदारच मिळायचा नाही.

धागा म्हणाल तर तो जुन्या पुस्तकांच्या गठ्ठ्यात आहे. लायब्ररीच्या पुस्तकावर पुढे दाखल नंबर असतोच, पण बऱ्याच लायब्रऱ्या तोच नंबर आतल्या एका ठरलेल्या पानावरही टाकतात, वाचकाला ते माहीत नसतं, ग्रंथपालाला असतं. चोरानं शिक्क्याचं पान फाडलं, पुस्तक रद्दीत गेलं, तिथून किलोच्या भावात दुकानात आलं आणि रिटायर ग्रंथपाल मावशींनी सवयीनं नेमकं ते पान उघडलं! मग दाखल नोंदवही काढली की पुस्तक कधी आलं, विकत घेतलं की कोणी भेट दिलं, सगळं निघतं, आणि भेट देणाऱ्याच्या नावातच गोम असेल तर कादंबरी खरी तिथून सुरू. फक्त हे गुप्त पान वाचकाला आधीच जाता जाता दाखवून ठेवा, नाहीतर शेवटी तो चिडतो, आणि बरोबरच आहे त्याचं.

ठाणेदाराला बावळट करू नका, जो तो तेच करून राहिला. त्याला इतकी कामं असतात की एका जुन्या पुस्तकासाठी तो येईल कशाला, म्हणून तर मावशींना मोकळं रान मिळतं.

अशा कादंबऱ्यांत असतं तसं मांजर पाहिजेच असेल तर ठेवा, गोदामात उंदीर असतातच.