प्रचार कसा ओळखावा? वाचकांचे प्रश्न

प्रश्न (निपाणी): माझ्या सासूबाई व्हॉट्सॲपवरचा प्रत्येक मजकूर खरा मानतात. ‘चार ग्रुपवर आला, मग खोटा कसा असेल?’ असे त्या विचारतात. त्यांना काय सांगावे?

उत्तर: चार ग्रुपवर आलेला मजकूर बहुधा एकाच ठिकाणाहून निघालेला असतो, चौघांनी तो पुढे पाठवला म्हणून साक्षीदार चार होत नाहीत. वारंवार कानावर पडलेले विधान अधिक खरे वाटू लागते, हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये प्रयोगाने दाखवून दिले आहे. शिकलेसवरलेलेही यात फसतात, तेव्हा सासूबाईंना बोल लावू नये. अनेक हातांतून फिरून आलेल्या मजकुरावर दुहेरी बाणाची खूण उमटते. ती त्यांना दाखवा आणि ‘हे मुळात कोणी लिहिले असेल?’ एवढेच विचारा.

प्रश्न (शहापूर): साडीच्या दुकानात ‘मूळ किंमत ४००० रुपये, आज फक्त १८००’ अशी पाटी होती. हाही प्रचारच का?

उत्तर: प्रचार म्हणणे जड होईल, पण मन वळवण्याची रीत तीच आहे. आधी दिसलेल्या आकड्याशी आपण पुढचा आकडा ताडून पाहतो, आणि ‘आज फक्त’ वाचल्यावर दुसरीकडे चौकशी करण्याचा धीर राहत नाही. ४००० रुपयांना ती साडी कधी विकली गेली होती का, हे पाटी सांगत नाही. खडेबाजारात आणखी दोन दुकाने पाहून या.

प्रश्न (खानापूर): ‘महाजन आयोगाने खानापूर महाराष्ट्राला दिले’ असा मजकूर आमच्याकडे फिरतो. कन्नड मित्राकडे ‘आयोगाने बेळगाव कर्नाटकाला दिले’ असा. खोटा कोणता?

उत्तर: दोन्हींना आधार आहे, आणि म्हणूनच दोन्ही फसवे आहेत. महाराष्ट्र-कर्नाटक सीमावाद सोडवण्यासाठी १९६६ मध्ये नेमलेल्या या आयोगाने १९६७ च्या अहवालात खानापूर व निपाणी महाराष्ट्राला द्यावे, बेळगाव शहर कर्नाटकातच राहावे आणि जत, अक्कलकोट हा भाग कर्नाटकाला जावा, असे सुचवले. त्या केवळ शिफारशी होत्या. महाराष्ट्राने त्या नाकारल्या आणि २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. न्यूयॉर्कमध्ये १९३७ साली स्थापन झालेल्या एका प्रचार-अभ्यास संस्थेने प्रचाराच्या सात युक्त्या नोंदवल्या होत्या, त्यांपैकी सोयीचे तेवढेच पुढे मांडणे ही एक. माझ्या मते सातांत हीच पकडायला सर्वांत अवघड, कारण तिच्यात खोटे असे एकही वाक्य सापडत नाही. शिवाय मजकूर आपल्या बाजूचा असला की शोधण्याची इच्छाही होत नाही. आपला आणि मित्राचा मजकूर शेजारी ठेवून दोघांनी मिळून वाचा, आणि ‘शिफारस’ हा शब्द कोणत्या मजकुरात आहे ते आधी पाहा.