घरट्यात घरटं कुणी बघितलंय?

प्रश्न असा आहे: ग्राफविझ, मर्मेड यांसारख्या, मजकूर लिहून आकृती काढायच्या भाषांची माहिती मराठीत लिहिताना ग्रुपिंगला ‘गटीकरण’ आणि नेस्टिंगला, म्हणजे एकात एक बसवण्याला, ‘घरटी रचना’ म्हटलं तर चालेल का?

‘घरटी’पाशी मी अडखळलो. ‘घरटी एक माणूस’ म्हणजे दर घरामागे एक, हा अर्थ इतका मुरलेला आहे की ‘घरटी चौकटी’ वाचून कुणी दारोदार चौकटी वाटतंय असं वाटावं. इंग्रजीत ‘नेस्ट’ हा शब्द एकात एक बसणाऱ्या भांड्यांनाही लावतात. आपल्या घरट्यात मात्र काड्या आणि पिल्लंच. काहीजण ‘उतरंड’ सुचवतात. शब्द देखणा आहे, पण उतरंडीत मडकी एकावर एक असतात, एकात एक नाही.

उरले ‘उप’ आणि ‘पोट’. उपगट सहज जिभेवर येतो. पण उपाध्यक्ष काही अध्यक्षाच्या आत नसतो, आणि उपनगर तर शहराच्या कडेला असतं. ‘उप’मध्ये जवळचा, दुय्यम असा भाव आहे. (उपसंच आतलाच असतो, मान्य, तो गणिताने पक्का करून टाकलाय.) ‘पोट’ मात्र थेट आत नेतं: कलमातलं पोटकलम, जातीतली पोटजात, घरातला पोटमाळा. पोटनिवडणूक तेवढी या रांगेत बसत नाही, तिला सोडून देऊ. म्हणून माझं मत पोटगटाला. क्रियापद करताना मात्र जपून. ‘पोटात घालणे’ आपण चुकांसाठी राखून ठेवलंय. इथे ‘आत बसवणे’ बरं.

गटीकरण चूक नाही, अवजड आहे. ‘गट करणे’ने भागतं. खरी अडचण अशी की ग्रुपिंग या एका शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी लपतात. ग्राफविझमध्ये सबग्राफचं, म्हणजे आकृतीतल्या काही घटकांच्या गटाचं, नाव ‘क्लस्टर’ने (cluster) सुरू झालं की भोवती चौकट येते. नुसतं ‘सर्व्हर’ नाव दिलं तर आतल्या घटकांना सारखा रंग देता येईल, एका ओळीत आणता येईल, पण चौकट दिसणार नाही. नावाचं ‘क्लस्टर_सर्व्हर’ करा, लगेच उमटते. नवशिक्याचा तासभर इथेच जातो. प्लांटयूएमएल या अशाच दुसऱ्या भाषेतही ‘टुगेदर’ ही आज्ञा घटकांना जवळजवळ ठेवतं, चौकट काढत नाही, ‘पॅकेज’ काढतं.

तेव्हा चौकट नसेल तर ‘गट’, असेल तर ‘कप्पा’ असा भेद मी करेन. तारकापुंजावरून ‘पुंज’ही मनात आला होता, पण पुंजाला भिंती नसतात. गटाच्या आत गट तो पोटगट, कप्प्याच्या आत कप्पा तो पोटकप्पा. डी-टू या भाषेत ‘सर्व्हर.साठा.नोंदी’ असं टिंबं देत लिहिलं की सर्व्हरच्या कप्प्यात साठ्याचा पोटकप्पा उघडतो आणि त्यात नोंदी जाऊन बसतात. ‘घरटी रचनेतील द्वितीय स्तर’ असलं काही लिहावंच लागत नाही.

हे सगळं समजावून सांगण्यापुरतं. आज्ञांना हात लावू नका. मर्मेडला ‘सबग्राफ’च्या जागी ‘पोटगट’ लिहून दिलंत तर त्याला ते कळणार नाही. चौकटीवर दिसणारं नाव मात्र अवतरणचिन्हांत खुशाल मराठीत द्या.