मेरिदा: निवृत्त सैनिकांनी वसवलेलं शहर

प्रश्न: स्पेनमधलं मेरिदा रोमन सैनिकांनी वसवलं म्हणतात. लढणाऱ्या माणसांना शहर वसवायला का लावलं?

लढून झालं होतं म्हणून! ‘एमेरितुस’ म्हणजे सेवा पूर्ण केलेला सैनिक. शहराचं मूळ नाव ‘एमेरिता ऑगस्टा’, आणि ‘मेरिदा’ हे त्याचंच झिजलेलं रूप. उत्तर स्पेनमधल्या कांताब्रियन युद्धात पाचव्या आणि दहाव्या लीजनचे (रोमन सैन्याच्या मोठ्या तुकडीला लीजन म्हणत) सैनिक लढले. त्यातल्या वयस्करांना इ.स.पू. २५ मध्ये सम्राट ऑगस्टसने मोकळं केलं आणि ग्वादियाना नदीकाठी जमिनी दिल्या. हत्यार चालवता येणारी रिकामी माणसं रोमभोवती घोटाळत राहण्यापेक्षा दूर शेती केलेली बरी, हा हिशेबही त्यात असणारच. पुढे हे शहर लुसितानिया (आजच्या पोर्तुगालचा बराचसा भाग आणि पश्चिम स्पेन) या रोमन प्रांताची राजधानी झालं.

प्रश्न: तिथलं नाट्यगृह खरंच दोन हजार वर्षांपूर्वीचं की नव्याने बांधलेलं?

दोन्ही. १९१० पर्यंत तिथे मातीतून वर डोकावणारे बांधकामाचे सात तुकडे तेवढे दिसत. लोक त्यांना ‘सात खुर्च्या’ म्हणत; सात मूर (उत्तर आफ्रिकेतून आलेले मुस्लिम) राजे तिथे बसून शहराचं भवितव्य ठरवत, अशी दंतकथाही होती. ते होते प्रेक्षागृहाच्या सगळ्यात वरच्या पायऱ्यांचे अवशेष. मधल्या वाटांची छतं कोसळल्यामुळे सुटे झालेले. पुरातत्त्वज्ञ होसे रामोन मेलिदा यांनी खणायला सुरुवात केली आणि खाली अख्खं नाट्यगृह निघालं. रंगमंचामागचे संगमरवरी खांब मात्र विसाव्या शतकात पुन्हा उभे केलेले आहेत, त्यामुळे फोटोत सगळ्यात देखणा दिसणारा भाग थोडा सावधपणेच बघावा. मला स्वतःला बाजूच्या दारावरची अग्रिप्पाच्या नावाची कोरीव अक्षरं जास्त खिळवून ठेवतात. अग्रिप्पा म्हणजे ऑगस्टसचा जावई. त्या लेखावरून नाट्यगृहाचा काळ इ.स.पू. १६-१५ ठरतो. उन्हाळ्यात आजही इथे नाटकं होतात.

प्रश्न: डायनाच्या देवळात घर कसं काय?

देऊळ डायना या रोमन देवीचं नव्हेच, सम्राटपूजेचं. नाव चुकून पडलं आणि चिकटलं. सोळाव्या शतकात एका सरदाराने रोमन खांबांच्या मधोमध वाडा बांधला, भिंतींसाठी तयार आधार मिळाला! वाड्यामुळे खांब वाचले, असं माझं मत. ते ग्रॅनाइटचे आहेत. त्यांवर चुन्याचा गिलावा देऊन ते संगमरवरी भासवले जात.

प्रश्न: एकच दिवस हाताशी आहे. नाट्यगृह सोडून काय बघू?

ग्वादियानावरचा रोमन पूल. सुमारे ७९० मीटर लांब, ग्रॅनाइटचा. विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत त्यावरून गाड्या धावत, आता फक्त माणसं चालतात. पलीकडच्या अंगाला न जाता शहराच्या टोकाला थांबा: तिथे इ.स. ८३५ मध्ये अरबांनी बांधलेली अल्काझाबा, म्हणजे किल्ला, आहे. आत पाण्याच्या टाक्याकडे उतरणाऱ्या जिन्यात व्हिसिगॉथ (अरबांच्या आधीचे राज्यकर्ते) काळातले कोरीव दगड बसवलेत, म्हणजे एकाच जिन्यात दोन राजवटी.

संध्याकाळी ‘लोस मिलाग्रोस’ जलवाहिनीकडे जा. ग्रॅनाइटच्या थरांमध्ये लाल विटांचे पट्टे असलेले उंच खांब आणि माथ्यावर करकोच्यांची घरटी. इथलं पाणी प्रोसर्पिना धरणातून येई. धरणाचं हे नाव एका शिलालेखावरून पडलं. त्यात कपडे चोरीला गेलेल्या माणसाने प्रोसर्पिना देवीला साकडं घातलंय: ‘चोराला शिक्षा कर’, आणि खाली चोरीचा माल मोजून दिलाय. सहा अंगरखे, दोन लिननचे झगे...