गाडीच घर असेल आणि रस्तेच बंद झाले तर?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: निवृत्तीनंतर कॅम्पर व्हॅन घेऊन कायमचं फिरत राहायचा तुम्हा दोघांचा विचार आहे. कोरोनात अशा लोकांचं काय झालं, एका जागी महिनोन्महिने गाडीत राहता येतं का, आणि या सगळ्यासाठी राहतं घर विकावं का.

राहता येतं. मी आणि माझी बायको २०२० च्या मार्चपासून तो अख्खा पावसाळा गोव्यात, पेडणे तालुक्यातल्या एका भाटात, म्हणजे माडा-आंब्यांच्या बागेत, आमच्या टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये काढला. म्हणजे झोपायला गाडीत होतो. बाकी जगलो ते भाटाच्या मालकांच्या विहिरीवर, त्यांच्या विजेवर आणि त्यांनी गावात आमच्यासाठी टाकलेल्या शब्दावर.

फिरताना हे जाणवत नाही. पाणी एखाद्या पंपावर भरायचं, कचरा पुढच्या गावच्या कुंडीत टाकायचा, अंघोळ धाब्यामागच्या नळावर. रोज थोडंथोडं उसनं घेतच असतो, पण दर वेळी वेगळ्या माणसाकडून, त्यामुळे स्वावलंबी असल्याचा रुबाब टिकून राहतो. थांबलो की सगळी उसनवारी एकाच दारात होते. म्हणून सोलर पॅनेल किती वॅटचं घ्यावं याच्या आधी, गाडी उभी करायला हक्काचं दार कुणाचं, हा प्रश्न सोडवा.

अमेरिकेत असे गाडीत राहणारे लोक संख्येने खूप, त्यामुळे तिथली पंचाईतही मोठी होती. घरातच थांबा असे आदेश निघाले आणि नेमकी तेव्हाच अनेक राज्यांतल्या सरकारी उद्यानांमधली तळ ठोकायची ठिकाणं बंद झाली. घर चाकांवर असणाऱ्याने थांबायचं कुठे? मोकळ्या सरकारी जमिनीवर फुकट राहता येतं, पण बहुतेक ठिकाणी एका जागी १४ दिवसांची मर्यादा. ज्यांना खाजगी पार्कात महिन्याच्या भाड्याने जागा मिळाली ते निभावले. तिथे निदान असे पार्क आहेत, जिथे वीज, पाणी आणि सांडपाण्याची जोडणी गाडीपर्यंत येते. आपल्याकडे ती सोय जवळजवळ नाहीच.

गोव्यात अडकलेल्या परदेशी गाडीवाल्यांची तऱ्हा आणखी वेगळी. हरमल, केरी या बाजूला दर हिवाळ्यात युरोपातून इराण, पाकिस्तान, वाघामार्गे आलेल्या मोठाल्या गाड्या तेव्हा दिसायच्या. मार्चअखेर आणि एप्रिलमध्ये दाबोळी विमानतळावरून खास विमानं सुटली, माणसं जाऊ शकत होती. पण गाडी कार्ने नावाच्या कागदावर आलेली असते; ती मुदतीत देशाबाहेर नेली नाही तर सीमाशुल्काचं झेंगट मागे लागतं. आणि वाघा बंद. काहीजण गाडी कुणाच्या तरी आवारात सोडून विमानात बसले, काही गाडीला धरून राहिले.

आमची गोष्ट सोपी होती, तरी पहिले दिवस वाईट गेले. २२ मार्चचा जनता कर्फ्यू गोवा सरकारने पुढे वाढवला आणि त्यालाच जोडून देशभर टाळेबंदी आली. सुरुवातीला किराण्याची दुकानंसुद्धा उघडत नव्हती. भाजी येते बेळगावहून घाट उतरून, ती अडली. गोव्यात पहिले तीन रुग्ण सापडले २५ मार्चला, एकूण सात झाले आणि १९ एप्रिलपर्यंत सातही बरे झाले. १ मेपासून दोन्ही जिल्हे हिरव्या पट्ट्यात, म्हणजे ग्रीन झोनमध्ये. पण वाड्याच्या तोंडाशी आडवे टाकलेले बांबू हिरवा पट्टा ओळखत नाहीत, ते नंबरप्लेट ओळखतात. आमची पुण्याची पाटी होती. गोव्याच्या सीमेवरचा पत्रादेवीचा नाका ओलांडून आम्ही टाळेबंदीच्या बरेच आधी आलो होतो, पण हे कुणाकुणाला सांगणार!

भाटवाल्या आजोबांशी ओळख आधीच्या हिवाळ्यातली. त्यांनी पहिलं काम काय केलं, तर मला आरसी, आधार आणि विम्याचा कागद घेऊन पंचांच्या घरी नेलं आणि मग पोलीस ठाण्यात नोंद करायला लावली. "गाडी राहू दे किती दिवस, पण कोण राहतंय ते गावाला कळू दे," एवढंच म्हणाले. त्यानंतर कुणी प्रश्न विचारला नाही. उलट काजूच्या हंगामात बोंडू, म्हणजे काजूची फळं, वेचायला माणसं मिळेनात, तेव्हा आम्ही दोघंही बागेत गेलो. आजींनी मे संपायच्या आत पुरुमेताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, जमवाजमव काढली: सुकी सुंगटं (कोळंबी), आमसुलं, मीठ, मिरची, फणसाच्या बिया. त्यात आमचाही वाटा धरला. बाहेरून आलेला माणूस असा कामाला लागला की त्याची गाडी डोळ्यांत खुपत नाही, असं माझं मत झालंय.

आता गाडीचं. उभ्या गाडीला चालत्या गाडीपेक्षा जास्त बघावं लागतं, आणि कोकणपट्टीच्या पावसात तर फारच.

जागा आधी. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या डब्यात सावलीशिवाय दुपार निघत नाही. पण सावलीत सोलर चालत नाही, आणि गोव्यात सावली म्हणजे बहुधा माडाची. माडाखाली गाडी लावू नका, कितीही सुंदर दिसली तरी. नारळ तर पडतोच, सुकलेलं झावळंही टपावरचं पॅनेल फोडू शकतं. आम्ही मांगराला, म्हणजे बागेतल्या कौलारू शेतघराला लागून, झाडांपासून दूर लावली. टपावर आडोशाला पत्रे टाकले आणि पॅनेल काढून मांगराच्या कौलांवर चढवलं.

मग ओल. लोक छत गळतंय का ते बघतात, ते बघाच, टपावरच्या झडपेभोवतीचं सिलिकॉन पावसाआधी नव्याने भरा. पण खरी ओल आतूनच तयार होते. एक किलो गॅस जळला की दीड लिटरपेक्षा जास्त पाणी वाफ होऊन हवेत येतं. बाहेर मुसळधार, खिडक्या बंद, आत भाताचा कुकर: दोन आठवड्यांत प्लायवूडचे दरवाजे फुगले आणि गादीखाली बुरशी. शिवाय बंद गाडीत शेगडीने कार्बन मोनॉक्साइडचा धोका, तो तर थेट जिवाशी खेळ. जूनपासून चूल मांगराच्या ओसरीवर नेली ती शेवटपर्यंत. गादीखाली हवा खेळेल अशा लाकडी पट्ट्या टाकल्या आणि बारा व्होल्टचा पंखा जवळजवळ सतत चालू ठेवला.

तो पंखा जुलैच्या उन्हावर चालत नाही. दिवसेंदिवस ढग हटत नाहीत आणि साधी लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्म्याखाली वारंवार उतरवली की लवकर मरते. त्यामुळे मांगरातून वायर ओढावीच लागली. इथे कंजुषी नको. गाडीची बॉडी लोखंडी, खाली चिखल, त्यात वायर कुठे सोलली तर अख्खी गाडी करंट मारेल. नीट अर्थिंग आणि गळती होताच वीज तोडणारा ब्रेकर, दोन्ही लावून घेतल्याशिवाय वायर जोडू नका. महिन्याचं बिल आम्ही अर्ध्याहून जास्त देत होतो. आजोबा नको म्हणायचे, आजी ठेवून घ्यायच्या.

बाकीची कामं भरभर सांगतो. हँडब्रेक ओढून महिनोन्महिने ठेवली तर दमट हवेत लायनर चिकटतात. गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकांना ओंडके लावा. डिझेलची टाकी भरलेली बरी, रिकाम्या टाकीत ओल धरते. आठवड्यातून एकदा इंजिन गरम होईपर्यंत चालवा, अधूनमधून चाकं थोडी फिरवा. उंदरांना वायरी आवडतात, बॉनेट रोज उघडून बघा. आणि शौचालयाची टाकी घरच्या संडासात रिकामी करणार असाल तर त्यात फॉर्मल्डिहाइडवालं रसायन वापरू नका. सेप्टिक टँकमधले जिवाणू मरतात आणि मग पाहुणचारही संपतो.

कागदांची चिंता सरकारने हलकी केली होती. १ फेब्रुवारी २०२० नंतर संपणारे लायसन्स, फिटनेस, नोंदणी वगैरे आधी ३० जून २०२० पर्यंत वैध धरले गेले आणि मग ही मुदत पुन्हापुन्हा वाढत २०२१ च्या ऑक्टोबरअखेरपर्यंत गेली. विमा त्यात नव्हता, त्याला थोडक्या दिवसांची वेगळी सवलत होती. तो आम्ही फोनवरूनच भरला, ओसरीच्या एका कोपऱ्यात रेंज यायची तिथे बसून. तुम्ही गाडी घ्याल तेव्हा साध्या व्हॅनमध्ये पलंग-ओटा ठोकून मोकळे होऊ नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे नोंदणीत नसलेला बदल अडचणीत आणतो. नाक्यावर थांबवतात तेव्हा आरसीवर काय लिहिलंय तेच वाचतात.

१ सप्टेंबर २०२० ला गोव्याच्या सीमा पूर्ण उघडल्या. आम्ही चवथीचे लाडू संपवून, रस्ते सुकल्यावर निघालो. पुढच्या वर्षी दुसरी लाट येतेय असं दिसताच मात्र ठरवून त्याच भाटात परतलो. १६ मे २०२१ ला तौक्ते वादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेलं. भाटातले माड, आंबे उन्मळून पडले, वीज कित्येक दिवस नव्हती. मांगराची कौलं उडाली, पॅनेल गेलं, गाडी जागच्या जागी शाबूत. झाडाखाली असती तर हे उत्तर लिहायला दुसरं कुणीतरी शोधावं लागलं असतं.

घर विकण्याबद्दल: विकू नका, भाड्याने द्या. पैशांपेक्षा पत्त्यासाठी. आरसी, बँक, रेशनकार्ड, मतदारयादी सगळं पत्त्याला बांधलेलं असतं. अमेरिकेतले पूर्णवेळ फिरणारे त्यासाठी साउथ डकोटासारख्या राज्यात टपाल स्वीकारणाऱ्या कंपनीचा पत्ता घेऊन तिथले रहिवासी होतात. आपल्याकडे तसं काही नाही. आणि भाडेकरूशी करार अकरा महिन्यांचाच ठेवा, शक्यतो मेअखेर संपेल असा. पावसाळ्यात परत यावंसं वाटलं तर घर रिकामं हवं.