पहिल्या मोसमाला थर्टी-थर्टीच घे
पेनसिल्व्हेनियाच्या दाट रानात पांढऱ्या शेपटीच्या हरणामागे जाणार असशील, तर लांब पल्ल्याच्या नव्या काडतुसांच्या जाहिराती तूर्त बाजूला ठेव. तिथे नेम बहुधा शंभर यार्डांच्या आतच धरावा लागतो. तेवढ्याला थर्टी-थर्टी, म्हणजे विंचेस्टरचं १८९५ सालचं काडतूस, पुरून उरतं. जुने शिकारी त्याचं नाव काढलं की खुलतात, ते उगीच नाही. धक्का बेताचा, रायफल हलकी. गोळी १५० किंवा १७० ग्रेन वजनाची घे.

एक मात्र डोक्यात पक्कं बसव. बहुतेक लिव्हर-रायफलींत (घोड्याजवळचा दांडा खाली-वर करून काडतूस बदलायच्या) काडतुसं बॅरलखालच्या वेगळ्या नळीत एकामागे एक बसतात. कडक टोकदार गोळी पुढच्या काडतुसाच्या प्रायमरवर, म्हणजे बुडाच्या ठोका बसताच पेटणाऱ्या टोपीवर, टेकलेली असेल, तर धक्क्याने नळीतच बार उडू शकतो. म्हणून चपट्या टोकाची गोळी, नाहीतर लिव्हर-रायफलीसाठीच बनवलेली मऊ टोकाची. (घरी काडतुसं भरणारे नेमके इथेच शहाणपणा करायला जातात.)

दुर्बीण लावायचीय? मार्लिन ३३६ बघ, तिचं रिकामं काडतूस बाजूने पडतं. जुनी विंचेस्टर ९४ ते वर फेकते, म्हणजे वर बसवलेली दुर्बीण आड येते. आणि दीडशे यार्डांपुढे गोळी झपाट्याने खाली येते, तिथलं हरीण सध्या जाऊ दे.