फ्लॉरेन्सच्या तीन दिवसांतला एक दिवस जवळच्या सिएना शहरातल्या कॅथेड्रलसाठी (तिथल्या मुख्य चर्चसाठी) काढावा का?

बिनधास्त काढा. तुम्ही लिहिलंय की फोटोत ते झेब्र्यासारखं काळंपांढरं दिसतं आणि बाकी काही विशेष वाटत नाही, तर ते पट्टे सिएनाच्या झेंड्याचे रंग आहेत, आणि खरी गंमत आत गेल्यावर पायाखाली आहे.

आतली सगळी जमीन म्हणजे संगमरवरात केलेली 56 चित्रं. सुरुवातीच्या कामात पांढऱ्या दगडावर छिन्नीने रेघा कोरून त्यात काळं भरलंय, पुढे मग रंगीत दगडाचे तुकडे कापून एकमेकांत बसवायला लागले, आणि 16व्या शतकात बेक्काफुमी या चित्रकाराने तर पांढरा, करडा, काळपट अशा दगडांच्या छटा वापरून चक्क उजेड-सावली दाखवली, ब्रशने काढल्यासारखी! मात्तेओ दी जोव्हान्नीचं हेरोदच्या बालहत्येचं (बायबलमधला राजा हेरोद तान्ह्या मुलांना मारायला लावतो तो प्रसंग) चित्र (1481) नुसतं बघून पुढे जाऊ नका, तिथे थांबा. सैनिक, आया, पोरं यांची इतकी झोंबाझोंबी आहे की कोणाचा हात कोणाचा ते शोधावं लागतं. आणि दारातून आत आल्याआल्या कोण भेटतं, तर टोकदार टोपीतला हर्मिस ट्रिसमेजिस्टस, म्हणजे दंतकथेतला इजिप्तचा ख्रिस्तपूर्व ज्ञानी, तोही चर्चमध्ये!

पण एक लोचा आहे. वर्षातला बराच काळ यातली बरीचशी चित्रं झाकलेली असतात, पायांनी झिजू नयेत म्हणून. सहसा ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत उघडतात, तारखा दरवर्षी थोड्या बदलतात म्हणून ऑफिशियल साइटवर बघूनच प्लॅन करा.

तुम्ही झाकलेल्या सीझनमध्ये जाणार असाल तरी शिल्पकार निकोला पिसानोचं प्रवचनपीठ आहेच (1265 ते 1268), त्याच्या खांबांखालचे सिंह बघा, कोणी शिकार फाडतोय तर कुठे सिंहीण पिल्लांना पाजतेय. कॅथेड्रलमधल्याच पिक्कोलोमिनी लायब्ररीतली पिंतुरिक्कियोची भित्तिचित्रं अजून इतकी चकचकीत आहेत की मला तर थोडी भडकच वाटली, पण बघाच. दर्शनी भागाचं लोक फार कौतुक करतात, खालचा भाग जोव्हान्नी पिसानोचा, तो भारी आहे, पण वरचे सोनेरी मोझेक 19व्या शतकातले, त्यात फार वेळ घालवू नका.

बाहेर आलात की बाजूला एक भलीमोठी एकटीच भिंत दिसेल. 1339 मध्ये सिएनावाल्यांनी ठरवलं की आत्ताचं अख्खं चर्च नव्या चर्चचा फक्त आडवा भाग करायचा, फ्लॉरेन्सला मागे टाकायचं होतं ना! काम सुरूही झालं, पण 1348 च्या प्लेगने शहर निम्मंअर्धं ओस पडलं, बांधकामातही दोष निघाले, आणि सगळं तिथेच राहिलं. कॅथेड्रलच्या म्युझियमच्या तिकिटावर या भिंतीवर चढता येतं, जिना अरुंद आहे. त्याच म्युझियममध्ये दुच्चो या चित्रकाराची माएस्ता (सिंहासनावरच्या मेरी आणि बाळ येशूचं मोठं वेदीचित्र) आहे, 1311 मध्ये मिरवणुकीने चर्चमध्ये आणलेली, त्यामुळे कॉम्बो तिकीटच घ्या.

जाताना ट्रेनपेक्षा बस बरी, स्टेशन खाली आहे आणि बस वर गावाजवळ सोडते, साधारण सव्वा तास लागतो.