कंपनीचा स्टिरिओ काढून अँड्रॉइड स्क्रीन आणि टोपीवाले सेन्सर (व्हॉल्व्हवर टोपीसारखे बसून हवेचा दाब स्क्रीनवर दाखवणारे) बसवले, तरी टायरच्या हवेचा पिवळा दिवा जात नाही. काय चुकलं?

तुमच्या तीन तक्रारी आहेत. डॅशबोर्डवरचा दिवा विझत नाही, पंपावर ३३ पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) भरलेली हवा स्क्रीनवर ३१-३२ दिसते, आणि मागच्या उजव्या चाकाचा सिग्नल मधूनमधून जातो. गाडी खानापूर-बेळगाव रोज धावते आणि महिन्यातून एकदा चोर्ला घाटाने गोव्याला उतरते, हेही तुम्ही लिहिलंय. तिन्हींची कारणं वेगवेगळी आहेत.

आधी दिव्याचं. कंपनीची यंत्रणा आणि तुम्ही लावलेले सेन्सर यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. तुमच्या डॅशबोर्डवर चाकागणिक आकडे पूर्वीपासून येत नव्हते, म्हणजे बहुतेक गाडीत हवेचा दाब मोजणारा सेन्सर नाहीच. एबीएसचे, म्हणजे ब्रेक मारताना चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेचे, सेन्सर चाकांचे फेरे मोजतात. हवा कमी झाली की चाकाची त्रिज्या किंचित घटते आणि ते इतरांपेक्षा जरा जोरात फिरतं. त्यावरून गाडी अंदाज बांधते. म्हणून हवा भरल्यावर किंवा टायर बदलल्यावर ‘आताचे फेरे बरोबर धर’ असं तिला सांगावं लागतं. काही गाड्यांत त्यासाठी वेगळं बटण असतं. पण काहींमध्ये, उदाहरणार्थ फोक्सवॅगन समूहाच्या बऱ्याच मॉडेलांत, हे काम कंपनीच्या स्टिरिओच्या मेनूतून होतं. तोच तुम्ही काढून ठेवलाय, म्हणून दिवा अडकलाय.

उपाय सोपा आहे. दाराजवळच्या स्टिकरवरचा दाब बघून गाडी थंड असताना चारही चाकांत हवा भरा. थंड म्हणजे किमान तीन तास उभी. मग जुना स्टिरिओ त्याच्या मूळ कपलरवर (वायरींच्या प्लगवर) तात्पुरता जोडा, मेनूतून सेट करा आणि काढून ठेवा. बसवणाऱ्याने मूळ वायर कापून जोड दिला असेल तर हे जमणार नाही. म्हणूनच कपलर-टू-कपलर हार्नेसच, म्हणजे वायर न कापता मूळ प्लगमध्ये बसणारा वायरींचा जोड, घ्यावा असा माझा आग्रह असतो, वॉरंटीसाठीही तो बरा. दुसरा मार्ग म्हणजे तुमच्या मॉडेलला चालणारा स्कॅनर ओबीडी सॉकेटला (गाडी तपासण्याच्या सॉकेटला) लावून सेट करणं. सेट केल्यावर अर्धा तास सरळ रस्त्यावर चालवा, गाडी तेव्हाच शिकते. गाडी चालू करताच दिवा मिनिटभर लुकलुकून मग स्थिर राहत असेल तर गोष्ट वेगळी. तो बिघाडाचा इशारा असतो, हवेशी त्याचा संबंध नाही.

आता आकड्यांचं, इथे बेळगावकरांची फार गल्लत होते. आपण समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचीवर आहोत. इथला वातावरणाचा दाब किनाऱ्यापेक्षा सव्वा पीएसआयने कमी. पंपावरचा गेज बाहेरच्या हवेच्या तुलनेत मोजतो. स्वस्त सेन्सर मात्र आतला एकूण दाब मोजतात आणि त्यातून समुद्रसपाटीचा ठरावीक आकडा वजा करतात. म्हणून इथे ३३ भरलेलं चाक स्क्रीनवर ३१.८ च्या आसपास दिसतं. सेन्सर बिघडलेला नाही, म्हणून हवा वाढवू नका. पणजीला पोहोचल्यावर दोन्ही आकडे जुळतात. घाट उतरल्यावर गेजवर सव्वा पीएसआय कमी दिसेल, पण गोव्याची उष्णता ते बऱ्यापैकी भरून काढते. दर दहा अंश सेल्सिअसला दीड पीएसआय, असा हिशेब धरा. थंडीत आपल्याकडे पहाट आणि दुपारमध्ये पंधरा अंशांचा फरक सहज पडतो, म्हणजे दोन-अडीच पीएसआय तिथेच गेले.

यावरूनच अलार्म लावा. ३३ चा टायर असेल तर खालची मर्यादा २६, वरची ४१, तापमान ७० अंश. खालची ३० वर ठेवली की डिसेंबरात रोज सकाळी अलार्म वाजेल आणि महिन्याभरात तुम्ही तो बंद करून टाकाल. घाटात ब्रेकने रिम तापून दाब चार-पाच पीएसआय चढतो. तो उतरवायला हवा सोडू नका.

सिग्नल जाण्याचं कारण बहुधा रिसीव्हर, म्हणजे सेन्सरचा सिग्नल पकडणारा भाग. तो स्क्रीनच्या मागे लोखंडी चौकटीत कोंडलाय. आपल्याकडचे सेन्सर ४३३ मेगाहर्ट्झवर बोलतात, धातूतून ते येत नाही. मीटरभर यूएसबी एक्स्टेन्शन घेऊन रिसीव्हर खाली प्लास्टिकमागे आणा. स्वस्त डॅशकॅम किंवा मोबाइल चार्जर शेजारी असेल तर तो काढून बघा की, बऱ्याचदा तिथेच गोम असते. गाडी उभी असताना सेन्सर झोपतो, त्यामुळे चाचणी चालत्या गाडीतच करा. तरी जात असेल तर त्या टोपीतला सेल बदला. सीआर१६३२ बऱ्याच टोप्यांत चालतो, पण जुन्यावरचा नंबर वाचूनच घ्या.

टोपीचा धोका मात्र लक्षात ठेवा. ती घट्ट केली की व्हॉल्व्हची पिन आत दाबली जाते, म्हणजे हवा फक्त टोपीतल्या रबरी रिंगवर अडलेली असते. बसवल्यावर साबणाचं पाणी लावा, बुडबुडा आला तर ती टोपी वापरू नका. रबरी व्हॉल्व्हवर टोपीच्या वजनाने वेगात ताण येतो, म्हणून पुढच्या टायरबदलाला धातूचे व्हॉल्व्ह घाला. टोपीचे आटे ॲल्युमिनियमचे असतील तर पितळी व्हॉल्व्हवर पावसाळ्यात गंज धरून अडकतात. दर दोन महिन्यांनी फिरवून बघा. पंक्चरवाल्याला आधीच सांगा, टोपी काढून द्यायची आणि त्याच चाकाला परत लावायची. चाकं आलटून-पालटून बसवली की स्क्रीनवरचे कोपरे चुकतात, ॲपमध्ये आयडी पुन्हा जुळवावे लागतात.

आणि स्क्रीनची एक तपासणी राहू नये. पिवळी वायर कायम करंटची, लाल चावीची. दोन्ही कायम करंटवर जोडल्या तर गाडी बंद असतानाही स्क्रीन जागी राहते. गाडी लॉक करून अर्ध्या तासाने बॅटरीच्या निगेटिव्ह केबलमध्ये मल्टिमीटर मालिकेत लावा, १० अँपिअरच्या सॉकेटवर. मीटर लागलेला असताना दार उघडू नका, स्टार्टर मारू नका. ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर ठीक. ३०० दिसले तर ३५ अँपिअर-अवरची बॅटरी पाच दिवसांत पूर्ण रिकामी होते, आणि गाडी स्टार्ट होणं त्याच्याही आधी बंद पडतं.